दोन ओळी आणि वर चार अक्षरं

वाका ही जुनी जपानी कविता; तिला ओळी पाच. पाच, सात, पाच, सात, सात अशी एकूण ३१ अक्षरं; काटेकोर बोलायचं तर उच्चाराच्या मात्रा, कारण शब्दातला सुटा 'न्' किंवा लांबवलेला स्वरही तिथे वेगळा मोजतात. मराठी वाचकाला हायकू चांगला ओळखीचा आहे. तो याच कुळातला, कित्येक शतकं नंतर जन्मलेला. तर या ३१ अक्षरांत जुन्या कवीचं किती उचललं तर चालतं? जपानी दरबारातला कवी आणि संपादक फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याने याचं उत्तर आकड्यांत देऊन ठेवलं आहे. पाचांपैकी तीन ओळी घेतल्या तर फार झालं, कवितेत नवं काही उरत नाही. दोन ओळी आणि वर तीन-चार अक्षरं, इथवर मुभा.

एवढ्या थोर कवीने कवितेला अशी मापं लावावीत याने काही वाचक बिचकतात. मला मात्र तेइका कळायला लागतो तो याच मापांपासून. त्याची कविता, त्याने केलेलं संपादन आणि म्हातारपणी डोळे जाईस्तोवर उतरवून काढलेल्या जुन्या पोथ्या, या सगळ्यांत तो एकच प्रश्न सोडवत होता: जुन्यातलं किती ठेवायचं आणि कुठे हात लावायचा.

१२०९ साली कामाकुराचा तरुण शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, मिनामोतो नो सानेतोमो याने आपल्या कविता तपासायला पाठवल्या, तेव्हा तेइकाने त्याला एक छोटं टिपण लिहून दिलं. 'किनदाइ शूका' या नावाने ते ओळखतात. त्यातला गाभा असा: शब्दांसाठी जुन्याची ओढ धर, भावासाठी नवं शोध, हाताला लागणार नाही इतक्या उंच रूपाची आस धर. आणि जुनं म्हणजे किती जुनं? कानप्यो युगाच्या आधीचं, म्हणजे तेव्हाच तीनशे वर्षं उलटून गेलेलं. पुढे 'एइगा नो ताइगाइ' या दुसऱ्या टिपणात त्याने वाचनाची यादीही दिली. 'कोकिनशू', 'गोसेनशू' आणि 'शूइशू' हे पहिले तीन राजाज्ञेचे संग्रह, 'इसे मोनोगातारी' हा कविता गुंफलेल्या गोष्टींचा ग्रंथ, आणि जुन्या छत्तीस कवींपैकी हितोमारो, त्सुरायुकि, तादामिने, इसे, कोमाचि यांचे संग्रह. शिवाय चिनी कवी बाय जुयीच्या संग्रहाचे पहिले दोन भाग कायम हाताशी असू द्यावेत, असं त्याचं सांगणं. आणि मग एक वाक्य, जे त्याच्यासारख्या कवितेच्या घराण्यातल्या माणसाने लिहावं याचं मोल मोठं आहे: वाकाला गुरू नसतो, जुन्या कविताच गुरू.

जुन्या कवितेवर नवी कविता उभी करण्याच्या या रीतीला होन्कादोरी म्हणतात. तेइकाचे नियम नीट वाचले की कविता नेमकी कुठे बिघडते याची त्याला किती बारीक जाण होती ते दिसतं. घेतलेल्या ओळी मूळ कवितेत जिथे होत्या तिथेच ठेवल्या, त्यातही मधल्या सात-पाचाच्या ओळी जागच्या जागी आणि शेवटच्या सात-सातही त्याच क्रमाने, तर ती कविता नवी म्हणून ऐकूच येत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात जुनी चाल सुरू होते आणि तो तिच्याच मागे जातो. फुलावरच्या कवितेतून शब्द घेऊन पुन्हा फुलावरच लिहिलं, चंद्रावरच्या कवितेतून घेऊन पुन्हा चंद्रावर, तर त्यात राम नाही. ऋतूच्या कवितेतून घेतलं तर ते विरहाकडे वळवावं, विरहाच्या कवितेतून घेतलं तर ऋतूकडे. असं केलं की उचलल्याचा दोष लागत नाही.

सुरुवातीच्या दोन ओळींबद्दलचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'हिसाकाता नो, आमा नो कागुयामा' (स्वर्गातला कागु डोंगर) किंवा 'होतोतोगिसु, नाकु या सात्सुकि' (कोकीळकुळातला तो पक्षी, तो गातो तो पाचवा महिना) असे आरंभ कितीही वेळा वापरा, कुणी हरकत घेणार नाही. पण 'तोशि नो उचि नि, हारु वा किनिकेरि' (वर्ष सरायच्या आतच वसंत आला) वापरायचं नाही. 'त्सुकि या आरानु, हारु या मुकाशि नो' (चंद्र तो नव्हे का, वसंत पूर्वीचा नव्हे का) हेही नाही. दोन्हीकडे ओळी दोनच. मग फरक कशात? पहिल्या जोडीतले शब्द सगळ्या भाषेचे आहेत, कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. दुसऱ्या जोडीत एका माणसाला सुचलेली कल्पना आहे. 'वर्ष सरायच्या आत वसंत' ही 'कोकिनशू'ची पहिलीच कविता, आरिवारा नो मोतोकाताची. 'चंद्र तो नव्हे का' हे नारिहिराचं. तिथे दोन ओळी घेतल्या की दोन ओळी राहत नाहीत, अख्खा माणूस उचलला जातो.

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या कवींची तर एक ओळही घ्यायची नाही. याचं कारण मला असं दिसतं: तीनशे वर्षांपूर्वीची ओळ दरबारातल्या प्रत्येकाला पाठ असते, त्यामुळे ती घेतल्याचं लपत नाही आणि लपवायचंही नसतं. ओळखणं हाच तिथला आनंद. कालपरवाची ओळ निम्म्यांना माहीत असते, निम्म्यांना नसते, आणि अशा अर्धवट उजेडात उसनवारी आणि चोरी यांतली रेघ पुसट होते.

आता एक कविता जवळून बघू. 'मान्योशू' या सर्वांत जुन्या संग्रहाच्या तिसऱ्या खंडात नागा नो ओकिमारोची कविता आहे:

कुरुशिकुमो
फुरिकुरु आमे का
मिवा नो साकि
सानो नो वातारि नि
इए मो आरानाकु नि

काय हा जाच, पाऊस कोसळत आला! मिवाचं भूशिर, सानोचा उतार (पाणी ओलांडायची जागा), आणि इथे घर म्हणून एक नाही. जागा कीइ प्रांतातली, कुमानोच्या वाटेवरची. भिजणारा वाटसरू स्वतःच बोलतो आहे, कुरकुरत.

१२०० साली तेइकाने लिहिलं:

कोमा तोमेते
सोदे उचिहाराउ
कागे मो नाशि
सानो नो वातारि नो
युकि नो यूगुरे

घोडा थांबवून बाही झटकावी तर आडोसाही नाही; सानोचा उतार, बर्फातली संध्याकाळ.

घेतलं किती ते मोजा. 'सानो नो वातारि' ही सहा अक्षरं, चौथ्या ओळीतली, आणि ती बसवली पुन्हा चौथ्याच ओळीत. शिवाय 'काहीही नाही' ही कल्पना. मुभा होती त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. आता बदललं काय ते बघा. पावसाचा बर्फ झाला. घर नाही याच्या जागी आडोसा नाही आलं, म्हणजे अपेक्षा आणखी खाली उतरली. बोलणारा नाहीसा झाला. 'काय हा जाच' म्हणणारं कुणी उरलंच नाही, दुरून दिसणारी एक आकृती राहिली. आणि कवितेची खरी करामत क्रमात आहे. बाहीवरून काय झटकायचं ते दुसऱ्या ओळीत सांगितलेलंच नाही. 'युकि', बर्फ, हा शब्द थेट शेवटच्या ओळीत येतो. तो आला की वाचणारा मनातल्या मनात मागे जातो आणि रिकाम्या बाहीवर बर्फ ठेवतो. ज्याला ओकिमारोची कविता पाठ आहे त्याला चौथ्या ओळीपाशी पाऊस अपेक्षित असतो. पावसाचा आवाज कानात तयार असताना बर्फ पडतो, आणि बर्फाला आवाज नसतो. जुनी कविता नवीच्या आत अशी काम करते. ती माहीत नसली तरी चित्र दिसतंच, पण ती शांतता इतकी खोल लागत नाही.

ही कविता ज्या शंभर कवितांच्या मालेत आहे ती तेइकाला लिहायला मिळाली तीच मुळी झगडून. निवृत्त सम्राट गो-तोबाने निवडक कवींना शंभर-शंभर कविता सादर करायला सांगितलं. वाटणी ठरलेली: वसंत २०, ग्रीष्म १५, शरद २०, हिवाळा १५, प्रेम १०, प्रवास ५, डोंगरातलं घर ५, पक्षी ५, शुभचिंतन ५. पहिल्या यादीत तेइकाचं नाव नव्हतं. कवितेतल्या विरोधी घराण्याच्या खटपटीने ते गळालं होतं. त्याचे वडील शुन्झेई तेव्हा ८७ वर्षांचे. त्या काळचा सर्वांत मान्य कवी आणि परीक्षक. त्यांनी सम्राटाला पत्र लिहिलं, तेही औपचारिक चिनीत नव्हे, साध्या जपानी काना लिपीत. नाव यादीत आलं, कविता गेल्या, आणि सम्राटाने लगोलग तेइकाला आपल्या दरबारी दालनात प्रवेशाचा मान दिला. तेव्हा तो जपानी गणतीने ३९ वर्षांचा होता. शुन्झेईंनी मुलासाठी शब्द टाकायची ही पहिलीच वेळ नव्हती. ११८५ साली दरबारात एका तरुण सरदाराने टिंगल केली म्हणून तेइकाने हातातली दिवटी त्याच्या तोंडावर मारली होती आणि त्याला दरबार बंद झाला होता. तेव्हाही वडिलांच्या विनवणीच्या कवितेनेच तो परत आला.

त्या आधीच्या वर्षांतल्या त्याच्या कवितांना लोक 'दारुमा कविता' म्हणत, म्हणजे झेन संन्याशांच्या कोड्यांसारख्या, अर्थ न लागणाऱ्या. ११८६ साली साइग्यो या संन्यासी कवीच्या सांगण्यावरून लिहिलेल्या शंभर कवितांत ती सुप्रसिद्ध कविता आहे: नजर टाकावी तर फुलं नाहीत, लाल पानंही नाहीत, खाडीकाठची गवती झोपडी, शरदातली संध्याकाळ. आज ती शाळेच्या पुस्तकात असते. तेव्हा ती विचित्र वाटली असेल यात नवल नाही, कारण दोन ओळी नसलेल्या गोष्टींवर खर्च केल्या आहेत. नाव घेतलं की फुलं दिसतात, मग ती पुसायची, आणि पुसलेल्या जागेवर झोपडी ठेवायची.

१२०१ साली गो-तोबाने वाकादोकोरो, म्हणजे कवितेची कचेरी, पुन्हा सुरू केली आणि नव्या संग्रहासाठी सहा संपादक नेमले. मिचितोमो, आरिइए, तेइका, इएताका, मासात्सुने आणि जाकुरेन. यातला जाकुरेन पुढच्याच वर्षी वारला. 'शिनकोकिनशू' असा तयार झाला: २० खंड, दोन हजारांच्या आत-बाहेर कविता. सर्वांत जास्त साइग्योच्या, ९४. तेइकाच्या ४६. १२०५ च्या वसंतात समाप्तीची मेजवानीही झाली. तेइका गेला नाही. संग्रह पुरा झाल्याची मेजवानी करण्याचा पूर्वी दाखला नाही, हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्यही होतं, कारण काम संपलंच नव्हतं. पुढची पाचेक वर्षं गुंडाळ्या कापून कविता काढणं, नव्या घालणं, कागद पुन्हा खळीने जोडणं चालूच राहिलं. या संग्रहात कविता एकापाठोपाठ अशा लावलेल्या असतात की ऋतू दिवसादिवसाने पुढे सरकतो, एका कवितेतलं धुकं पुढच्या कवितेत विरळ होतं. मधली एक काढली की तिच्या दोन्ही बाजूंच्या कविता एकमेकींशी बोलेनाशा होतात, मग त्याही हलवाव्या लागतात. सम्राट स्वतः रोज हात घालत होता आणि संपादकांच्या हाती त्याचं मन वळवणं किंवा मुकाट्याने खळ लावणं एवढंच होतं.

गो-तोबा आणि तेइका यांचं बिनसलं ते कवितेवरूनच, आणि मला दोघांचीही बाजू खरी वाटते. राजवाड्यासमोरचं चेरीचं झाड फुललं असताना दरबारी मंडळींनी कविता केल्या. वर्षानुवर्षं रक्षकदलात एकाच हुद्द्यावर झिजलेल्या तेइकाने लिहिलं की इतकी वर्षं सम्राटाच्या फेऱ्या पाहत या फुलांच्या सावलीत मी म्हातारा झालो, यांना तरी माझी कणव येईल का. गो-तोबाला ती फार आवडली. जागा, वेळ, माणूस, सगळं तिथे जुळून आलं होतं. तेइकाला ती आपल्या चांगल्या कवितांत धरवेना. नको नको म्हणत असतानाही ती संग्रहात घेतली गेली. पुढे हद्दपारीत लिहिलेल्या आपल्या टिपणात गो-तोबाने हीच तक्रार केली: तेइका अद्वितीय आहे, पण त्याला प्रसंगाचं काही नाही; कविता कशी बांधली आहे एवढंच तो बघतो, आणि आपलं मत बदलत नाही. इतकं नेमकं परीक्षण तेइकाचं त्याच्या कुठल्या चाहत्यानेही केलं नसेल.

१२२० साली ते तुटलं. गो-तोबाने काही वर्षांपूर्वी तेइकाच्या अंगणातली विलोची दोन झाडं उपटून नेली होती. एका कवितासभेत तेइकाने वाटेवरच्या विलोच्या आतल्या धुमसण्यावर कविता पाठवली आणि सम्राटाने तिचा अर्थ स्वतःकडे घेतला. तेइकाला सभा बंद. पुढच्याच वर्षी गो-तोबाने कामाकुराविरुद्ध सैन्य उठवलं, हरला, आणि ओकि बेटावर पाठवला गेला; १२३९ साली तिथेच वारला. त्या बेटावर बसून त्याने 'शिनकोकिनशू' पुन्हा चाळला आणि चारशेच्या आसपास कविता गाळून स्वतःची प्रत केली.

लढाई तोंडावर असताना, १२२१ च्या पाचव्या महिन्यात, तेइका घरी बसून 'गोसेनशू'ची नक्कल करत होता. पोथीच्या शेवटी त्याने लिहिलं: लाल निशाणं आणि शत्रूंवरच्या स्वाऱ्या हे माझं काम नव्हे. हेच शब्द त्याच्या 'मेइगेत्सुकि' या रोजनिशीत ११८० खाली, एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या तोंडीही आहेत, म्हणून ती जुनी नोंद त्याने नंतर घातली असावी असा अभ्यासकांचा संशय आहे. एरवी ही रोजनिशी तटस्थ माणसाची मुळीच नाही. ११८० ते १२३५ पर्यंतच्या तिच्या नोंदींत बढती न मिळाल्याचं दुःख, खोकला, शेजारची आग, वतनाचं न आलेलं उत्पन्न, सगळं आहे. १२०१ साली सम्राटाबरोबर कुमानोच्या यात्रेला गेला तेव्हाचे रात्रीच्या मुक्कामांचे हालही आहेत. १२३० सालच्या दुष्काळात त्याने उत्तरेकडच्या अंगणातली फुलझाडं खणून काढायला लावली आणि तिथे गहू-जवाचे वाफे केले, तेही लिहिलं आहे. त्याच वर्षी आकाशात एक धूमकेतू दिसला, म्हणून पूर्वी असे 'पाहुणे तारे' कधी दिसले होते याची यादी दरबारी ज्योतिष्याकडून मागवून त्याने रोजनिशीत जोडली. त्यात १००६, १०५४ आणि ११८१ चे अतिनवतारे आहेत. १०५४ च्या ताऱ्याचा अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ, आणि त्याच्या अभ्यासात या कवीची रोजनिशी आजही उद्धृत होते.

त्याची स्वतःची मानलेली कविता मात्र चेरीची नाही, सानोची नाही. 'ह्याकुनिन इश्शू', म्हणजे शंभर कवींची एकेक कविता, या निवडीत ९७ व्या जागी त्याची कविता आहे, १२१६ च्या राजवाड्यातल्या काव्यस्पर्धेतली:

कोनु हितो ओ
मात्सुहो नो उरा नो
यूनागि नि
याकु या मोशिओ नो
मि मो कोगारेत्सुत्सु

न येणाऱ्याची वाट पाहते आहे. मात्सुहोच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या पडल्या वाऱ्यात जाळतात त्या खाऱ्या शेवाळासारखी मीही जळत.

मात्सुहो आवाजि बेटाच्या उत्तर टोकाला. 'मात्सु' या अक्षरांत वाट पाहणंही आहे, म्हणून पहिल्या ओळीतली बाई दुसऱ्या ओळीत गावाच्या नावातच विरघळते. मीठ करायची तिथली रीत अशी की समुद्री शेवाळावर पुन्हापुन्हा खारं पाणी घालून ते वाळवायचं, खार दाट झाला की जाळायचं, उकळवायचं. काम सावकाश, धूर संथ. आणि यूनागि म्हणजे कोकणातल्या माणसाला वेगळा सांगायला नको असा संधिकाल: दिवसाचे खारे वारे थांबलेत, रात्रीचे मतलई वारे सुटायचेत, मधल्या वेळात पान हलत नाही. अशा वेळी धूर वाकडा होत नाही, पांगत नाही, सरळ वर जातो. वारा असता तर दुःख निदान कुठेतरी वाहून गेलं असतं. 'मान्योशू'तली मूळ दीर्घ कविता एका पुरुषाची आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरून तो मात्सुहोच्या कोळिणींकडे बघतो, सकाळच्या शांततेत शेवाळ कापणाऱ्या, संध्याकाळच्या शांततेत मीठ जाळणाऱ्या, आणि जायला होडी नाही म्हणून हळहळतो. तेइकाने समुद्र ओलांडला आणि त्या बाईंपैकी एकीच्या आत जाऊन बसला. प्रवासाच्या कवितेचं प्रेमाच्या कवितेत रूपांतर, नियमाप्रमाणे. तेव्हा तो ५५ वर्षांचा होता.

'ह्याकुनिन इश्शू'चा उगम १२३५ च्या पाचव्या महिन्यातल्या एका नोंदीकडे नेतात. मुलगा तामेइए याचा सासरा, उत्सुनोमिया योरित्सुना, याच्या सागातल्या वाड्यातल्या सरकत्या दारांवर चिकटवायला तेइकाने कवितांचे कागद लिहून दिले. आज आहे तशी निवड त्याच्याच हातची की नंतर कुणी हात फिरवला, यावर वाद चालू आहे. १९५१ साली जवळपास तशीच पण १०१ कवितांची दुसरी निवड उजेडात आली आणि वाद वाढला. १०० पैकी ४३ कविता प्रेमाच्या, ही आवडनिवड मात्र तेइकाचीच वाटते.

१२३५ च्या त्याच पाचव्या महिन्यातलं दुसरं काम मला अधिक जवळचं आहे. क्योतोच्या रेन्गेओ-इन मंदिराच्या भांडारातली 'तोसा निक्कि' ही जुनी प्रवासाची रोजनिशी त्याच्या हाती आली, आणि तीही ती लिहिणाऱ्या खुद्द कि नो त्सुरायुकिच्या हस्ताक्षरातली, तीनशे वर्षांपूर्वीची. तेइका ७४ वर्षांचा, डोळ्यांना धड दिसत नाही. दोन दिवसांत त्याने पूर्ण नक्कल केली आणि शेवटी नोंद केली: कागद पांढरा, न कुटलेला, आखणी नाही, उंची सुमारे एक शाकु एक सुन तीन बु, रुंदी एक शाकु सात सुन दोन बु, म्हणजे साधारण ३४ बाय ५२ सेंटिमीटर, पानं २६, गुंडाळायला दांडा नाही. शेवटचा थोडा मजकूर त्याने स्वतःच्या वळणात न लिहिता त्सुरायुकिचं अक्षर गिरवून लिहिला, पुढच्यांना त्या हाताचं वळण कळावं म्हणून. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. तिचा आकार आपल्याला ठाऊक आहे तो या म्हाताऱ्याने मोजपट्टी लावली म्हणून.

त्याचं स्वतःचं अक्षर जाड, आखूड, अडखळतं. तो त्याला राक्षसी म्हणायचा. तीनशे वर्षांनी चहाच्या दालनात त्याच अक्षरातले कागद लोक टांगू लागले आणि त्याच्या वळणाचे धडे गिरवू लागले. मला ते अक्षर आवडतं ते वेगळ्या कारणाने: ते वाचता येतं. प्रवाही काना लिपीत एक अक्षर दुसऱ्यात मिसळतं. तेइका अक्षरं सुटी ठेवतो. उच्चार एकच झालेली पण लिहिताना वेगळी असलेली अक्षरं कुठे कुठली वापरायची याचे नियमही त्याने लिहून ठेवले, आणि ओळ कुठे मोडायची म्हणजे शब्द तुटून वाचणारा अडखळणार नाही, हेही.

पण याच शिस्तीने एक गडबडही केली. पुढच्या वर्षी, १२३६ साली, तामेइएने तीच मूळ पोथी पुन्हा उतरवली, अक्षरन् अक्षर जसंच्या तसं. ती प्रत १९८४ साली सापडली आणि बापाची नक्कल मुलाच्या नकलेशेजारी ठेवता आली. तेइकाने जागोजाग लेखन आपल्या नियमाने बदललेलं होतं. पहिल्याच वाक्यात, पुरुष लिहितात ती दैनंदिनी एक बाई म्हणून लिहून बघते, या वाक्यात, त्सुरायुकिचं जुनं क्रियारूप काढून त्याने आपल्या काळाला सोपं जाईल असं घातलं. कवितेत दोन ओळींवर चार अक्षरांची मर्यादा घालणारा माणूस पोथी उतरवताना भाषा आपली समजून दुरुस्त करत होता. मला यात हलगर्जी दिसत नाही. वाचली जाईल अशी पोथी मागे ठेवायची हा त्याचा हेतू होता, आणि ती वाचली गेली. पण त्सुरायुकि नेमकं काय म्हणाला हे विचारायचं तर मुलाकडे जावं लागतं.

'गेन्जी' या जुन्या प्रदीर्घ कादंबरीचं तसंच. घरातली प्रत ११९० च्या दशकात चोरीला गेली होती. १२२४ च्या अकराव्या महिन्यापासून घरातल्या बायकांना बसवून त्याने ५४ भाग उतरवून घेतले, पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात ते संपले. निळ्या वेष्टनाच्या त्या परंपरेवर आजच्या बहुतेक छापील आवृत्त्या उभ्या आहेत. त्याच्या देखरेखीखालच्या प्रतीचे चारच भाग माहीत होते. पाचवा, 'वाकामुरासाकि', २०१९ साली तोक्योत एका जुन्या सरदार घराण्यात निघाला.

आणि 'साराशिना निक्कि', एका बाईने लिहिलेली आपल्या आयुष्याची हकिकत. ती त्याने पूर्वी मिळवली होती, कुणाला तरी वाचायला दिली, ती हरवली. मग त्याच प्रतीवरून दुसऱ्या कुणी केलेल्या नकलेवरून त्याला पुन्हा लिहावी लागली. शेवटी त्याने नोंद केली की चुका फार आहेत, शंकेच्या जागी तांबडी खूण केली आहे, चांगली प्रत मिळाली तर ताडून बघावी. मूळ ओळ त्याने सुधारली नाही, खूण करून सोडून दिली. तांबड्या खुणा नीट राहिल्या. बिघडलं ते दुसरीकडेच. कधीतरी पोथी पुन्हा शिवताना पानांच्या जुड्या उलटसुलट लागल्या. पुढच्या सगळ्या नकला त्या चुकलेल्या क्रमानेच झाल्या, आणि त्या बाईच्या आयुष्यातले प्रसंग शेकडो वर्षं मागेपुढे वाचले गेले. १९२४ साली तामाइ कोसुके या अभ्यासकाने राजघराण्याच्या संग्रहातली तेइकाच्या हातची पोथी उघडून शिवण तपासली, तेव्हा कुठली जुडी कुठे जायची ते कळलं. पानं पुन्हा क्रमाने लागली आणि तेइकाने जे उतरवलं होतं ते तसंच्या तसं वाचता आलं.